तानसाचे पाणी आणि आमची विहीर

मुंबईत पहाटे नळ आला की घरातली बाई आधी प्यायची कळशी भरून घेते, मग पिंप, मग धुण्याची बादली. पाणी किती वाजता येते आणि किती वाजता जाते, हे चाळीतल्या लहान पोरालाही पाठ असते. पण ते येते कुठून, असे विचारले तर मोठी माणसेही "नळातून" म्हणून हसून मोकळी होतात. त्यात त्यांचा दोष नाही. कामाच्या धबडग्यात दारात आलेल्या पाण्याचा माग काढायला वेळ कुणाला आहे? मी मात्र त्या पाण्याच्या गावची. म्हणून वाटले, आपल्या वाचक बंधू-भगिनींना आमच्या तानसाच्या चार गोष्टी सांगाव्यात. काही जुन्या, काही रोजच्या, आणि एक मनाला लागलेली.

कसारा लोकलने आसनगावच्या पुढे गेले की आटगाव स्टेशन येते. तेथे उतरून रानातला रस्ता धरला की सागाची झाडे सुरू होतात, मोबाइलची रेंज जाते आणि माहुलीच्या डोंगराचे सुळके दिसू लागतात. याच माहुली किल्ल्यावर 1636 साली शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांनी वेढले होते. त्या डोंगराच्या आसऱ्याने आमची वस्ती पसरलेली आहे. बाजार भरतो तो शहापूरला. तालुक्याची कचेरी, कोर्ट, कॉलेज सगळे तिथेच. आमच्याकडे चहाची टपरी, किराणा दुकान, शाळा, आणि वाडीतले छोटे बुद्धविहार. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांचे पाडे डोंगराच्या अंगाला आहेत, कुणब्यांची घरे गावात आहेत आणि आमची बुद्धवाडी गावाच्या कडेला आहे. मी जवळच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. आमचे हे पहाटेची लोकल धरून मुंबईला कामाला जातात. म्हणजे तानसाचे पाणी आणि आमचे हे, दोघेही रोज मुंबईला जातात. फरक इतकाच की आमचे हे रात्री परत येतात!

आता थोडे धरणाविषयी. मुंबईला नळाचे पहिले पाणी 1860 साली विहार तलावातून मिळाले. 1879 साली तुळशी तलावाची भर पडली. पण गिरण्या वाढल्या, गोदीत काम वाढले, कोकणातून आणि घाटावरून माणसांचे लोंढे आले. पाणी पुरेना. पालिकेचे इंजिनियर मेजर टुलक यांनी तानसा नदीची जागा आधीच सुचवून ठेवली होती. पुढे क्लर्क नावाच्या इंजिनियरच्या देखरेखीखाली काम झाले आणि 1892 साली तानसाचे पाणी मुंबईला पोचले. दगड आणि चुन्याची ही भिंत सुमारे 2,800 मीटर लांब आहे. एका टोकाहून चालत दुसऱ्या टोकाला जायचे तर चांगला अर्धा-पाऊण तास लागेल. भिंत उभी राहून 130 वर्षे उलटली, तरी ती अजून पाणी अडवून उभी आहे.

आणखी एक गंमत अशी की, हे पाणी मुंबईला नेण्यासाठी त्या काळी पंप लागला नाही. धरण उंचावर, मुंबई खाली. उताराने पाणी आपले आपण चालत गेले. आधी 48 इंची बिडाचे नळ टाकले होते. पुढे मुंबई वाढत गेली तसे 72 इंची मोठे पाइप आले. 72 इंच म्हणजे सहा फूट. आत उंचापुरा माणूस उभा राहील एवढा तो पाइप! तो रानातून, भिवंडीच्या अंगाने, ठाणे-मुलुंडवरून मुंबईत शिरतो. घाटकोपर, कुर्ल्याच्या बाजूला ज्यांची लहानपणे गेली, त्यांना तो चांगला ठाऊक असेल. त्याच्यावर बसून पतंग उडवलेली कितीतरी माणसे आज आजोबा झाली आहेत.

धरणाच्या कथेत टुलक साहेब येतात, क्लर्क साहेब येतात. पण दगड डोक्यावर घेऊन चढलेल्या बाईचे नाव येत नाही. माझी आजी सांगायची, तिच्या आजेसासूने इथे चुन्याच्या पाट्या वाहिल्या होत्या. पोर झाडाला झोळीत टांगायचे आणि पाटी उचलायची. घरात एवढीच गोष्ट उरली आहे, तिचे नावसुद्धा उरले नाही. आपल्याकडच्या अनेक घरांत धरणाच्या, रेल्वेच्या, गिरणीच्या अशाच गोष्टी असतील. 1865 साली कसारा घाटातून रेल्वे वर गेली, तेव्हाही खडी फोडणारे हात कष्टकऱ्यांचेच होते. म्हणून म्हणते, घरात म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून वहीत लिहून ठेवावे. साहेबांचा इतिहास लिहायला पुष्कळ जण आहेत. आपल्या आजीचा इतिहास आपणच लिहिला पाहिजे.

आमच्याकडे वर्ष मोजायचे ते पाण्यावर. मृगाची पहिली सर पडली की ओढ्याला लालसर पाणी येते आणि मासे उलट चढायला लागतात. त्याला आम्ही वलगण म्हणतो. त्या रात्री बॅटऱ्या, टोपल्या, जाळी घेऊन सगळे बाहेर पडतात आणि घरोघरी माशाच्या कालवणाचा वास सुटतो. पाठोपाठ रानात शेवळं निघतात. मुंबईच्या बाजारात जून महिन्यात ठाकरीण बाई वाटे लावून बसते, ती हीच भाजी. नुसती शिजवली तर घसा खवखवतो. म्हणून तिच्यात काकडाची आंबट फळे घालायची, ती नसतील तर चिंच. मग टाकळा, कुर्डू, कोरलं. रात्री बत्ती घेऊन खेकडे धरायचे. आवण मोठे झाले की भातलावणी. चिखलात कंबर मोडते, पण ताटात रानातली भाजी फुकट असते. गरिबाला जून-जुलैत रान जगवते, हे खरे.

मग जुलै-ऑगस्टमध्ये एक दिवस वर्तमानपत्रात बातमी येते, 'तानसा ओसंडून वाहू लागला.' मुंबईकर खूश होतात. आमच्याकडेही मोटारी भरभरून लोक धरण बघायला येतात. भजीवाल्याची चंगळ होते. नदी फेसाळत वज्रेश्वरीकडे धावते आणि पुढे वैतरणेला मिळते. तानसात सुमारे 14,508 कोटी लिटर पाणी मावते. मुंबईला रोज सुमारे 385 कोटी लिटर पाणी लागते. हिशेब केला तर एकट्या तानसावर साऱ्या मुंबईची तहान सव्वा महिना भागेल. मुंबईची सात तळी-धरणे मिळून जेवढे पाणी आहे, त्यातला दहावा हिस्सा तानसाचा आणि जवळजवळ अर्धा हिस्सा भातसा धरणाचा. भातसाही आमच्याच शहापूर तालुक्यात आहे. म्हणजे मुंबईच्या दहा हंड्यांपैकी निदान सहा हंड्यांची साठवण या एका तालुक्यात आहे!

दिवाळी झाली, भात झोडून झाला की पाडे ओस पडायला लागतात. कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. भिवंडी, कल्याणकडे ज्या विटा पडतात, त्या यांच्या हातच्या. जाताना कोंबड्या, भांडी आणि पोरेही बरोबर जातात. माझ्या अंगणवाडीचा पट निम्म्यावर येतो. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. पोरांची वजने मी तेव्हा घेते, आणि काटा पाहून पोटात तुटते. भट्टीवर उचल घेतलेली असते, ती फेडायची, मग पुन्हा पुढच्या वर्षीची उचल. या चक्रातून बाहेर पडायचे तर पोरे शाळेत टिकली पाहिजेत. हे बाबासाहेबांनी आपल्याला सांगितले, म्हणून आपण आज दोन अक्षरे लिहितो. पाड्यावर अजून ते सांगायचे काम बाकी आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, पाठोपाठ मोहाची फुले गळायला लागतात. पहाटे बायका ती वेचतात. याच दिवसांत रानात एक पक्षी ओरडतो. त्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. तो आहे रानपिंगळा, म्हणजे लहानसे घुबड. 1884 नंतर तो कुणाला मिळालाच नव्हता. तो जगातून नाहीसा झाला, असे पक्षी जाणणारे मानून चालले होते. तो 1997 साली नंदुरबारकडे सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा सापडला. आणि 2014 साली तो आमच्या तानसाच्या जंगलातही दिसला. सातपुड्यापासून इतक्या लांब! तानसाचे अभयारण्य 1970 साली जाहीर झाले होते. या पिंगळ्यामुळे त्याचे नाव दूरवर पोचले. आता लोक कॅमेरे घेऊन त्याला शोधत येतात.

आमच्याकडे मात्र पिंगळा ओरडला की म्हातारी माणसे "कुणीतरी जाणार" म्हणतात. परवा एका आईने आजारी मूल दवाखान्यात न्यायचे सोडून भगताकडे न्यायचे ठरवले. कारण काय, तर रात्री पिंगळा ओरडला! मी तिला म्हटले, "अगं, शंभर वर्षं माणसांनी ज्याला मेला म्हणून सोडला, तो जिवंत राहिला. तो तुझ्या पोराला कशाला मारेल? उलट त्याच्याकडे बघून म्हण, तू टिकलास तसं माझं पोर टिकू दे, आणि चल दवाखान्यात." ती हसली आणि माझ्याबरोबर निघाली. निमोनियाची सुरुवात होती. वेळेवर औषध मिळाले, मूल बरे झाले. पिंगळ्याचा शकुन वाईट नाही हे त्या पाड्याला आता पटले आहे. निदान त्या आईला तरी.

आता मनाला लागलेली गोष्ट. मार्च उजाडला की आमच्या विहिरी तळ दाखवू लागतात. वाचक म्हणतील, शेजारी एवढे धरण आणि विहिरी कोरड्या? हेच तर कोडे आहे. आमच्याकडे पाऊस थोडाथोडका नाही, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. सोलापूरकडे पडतो त्याच्या कितीतरी पट. पण खाली काळा कातळ. पाणी मुरत नाही, वाहून जाते. धरण सखल भागात आणि पाडे डोंगरावर. पाणी वर चढवायचे तर पंप हवा, वीज हवी, टाकी हवी आणि पाण्यावर हक्क हवा. धरणातले पाणी शहरासाठी राखलेले आहे. योजना येतात, नळही बसतात, पण उगमच आटला तर उन्हाळ्यात नळाची तोटी वाऱ्याने वाजते. मग टँकर. टँकर आला की विहिरीत पाणी ओततात आणि बायका काठावर दोर घेऊन उभ्या राहतात. पाच मिनिटांत सगळे संपते.

एका ठाकर आजीने धरणाकडे बोट दाखवून मला म्हटले होते, "बाय, पानी दिसतंय, पन त्ये आपला नाय." इतक्या वर्षांत या प्रश्नावर पुष्कळ भाषणे ऐकली. पण या एका वाक्याएवढे कुणीच बोलले नाही.

माझ्या अंगणवाडीच्या पाड्यातली एक मुलगी दहावीला होती. तिचे नाव लिहीत नाही. त्या पाड्यातून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. आई भट्टीवर, घरात आजी आणि दोन लहान भाऊ. पाड्याची विहीर फेब्रुवारीतच आटली. मग पाणी आणायचे ते खालच्या ओढ्यातून, झिरा उकरून. झिऱ्यात वाटी-वाटीने पाणी साठते, तेवढ्याने हंडा भरायचा. जाऊन-येऊन दोन तास, आणि दिवसातून दोन खेपा. मुलगी शाळेत उशिरा पोचू लागली, मग एक दिवसाआड जाऊ लागली. परीक्षेला तीन आठवडे राहिले असताना तिची आजी मला म्हणाली, "बाई, पोरीला आता बसवते घरी. पेपर देऊन काय करायचाय? पानी कोन आनंल?"

आमच्या बुद्धवाडीची विहीर त्या पाड्याच्या वाटेवर आहे. ती एप्रिलपर्यंत टिकते, कशीबशी. मी संध्याकाळी विहारात महिला मंडळाची बैठक बोलावली आणि म्हटले, "परीक्षा संपेपर्यंत त्या मुलीच्या घरचे दोन हंडे आपण भरून देऊ. पाळ्या लावू." सगळ्या गप्प. मग एकजण म्हणाली, "ताई, आपलीच विहीर आटत आली. चौदा एप्रिलला जयंती. सगळ्या वाडीचं जेवण, पाहुणे येणार. तेव्हा पाणी कुठून आणायचं?" तिचे खोटे नव्हते. दुसरी म्हणाली, "आज एकीला दिलं तर उद्या अख्खा पाडा दोर घेऊन येईल." तेही खोटे नव्हते. गरिबाच्या विहिरीत पाणी मोजून असते.

कोपऱ्यात वाडीतली सर्वांत म्हातारी आजी बसली होती. ऐंशी पार केलेली. ती हळूच म्हणाली, "माझ्या माहेरी आम्ही गावाच्या विहिरीपासून लांब हंडा घेऊन बसायचो. कुनाला दया आली तर वरून वतायचे. कुनी नाय आलं तर तशाच रिकाम्या हंड्यानं घरी. माझी आय म्हनायची, पानी मागताना मान खाली घालावी लागते. त्या पोरीला मान खाली घालायला लावू नका. तिनं मागायच्या आधी द्या."

पुढे चर्चा झालीच नाही. पाळ्या लागल्या. रोज दोन घरे, एकेक हंडा. मुलगी शाळेतून येताना विहिरीवरून हंडे घेऊन जायची, तर कधी आमच्या वाडीतली पोरेच सायकलला बांधून पोचवायची. तिने सगळे पेपर दिले. जून महिन्यात निकाल लागला. मार्क फार नव्हते, पण पास झाली. आता ती शहापूरला अकरावीला आहे. आणि जयंतीचे काय, असे विचाराल तर सांगते. आम्ही वर्गणीतून पाण्याचा टँकर मागवला. मिरवणुकीच्या बँडचे पैसे त्यात गेले. पोरे थोडी रुसली. पण बाबासाहेबांच्या फोटोला हार घालताना कुणाला काही कमी वाटले नाही. त्या दिवशी जेवणाच्या पंक्तीत त्या पाड्यातली आजी नातवंडांना घेऊन आमच्यात बसली होती.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत आहे. त्यानंतर दहा वर्षे कोर्टात खटला चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला, हे मात्र सगळ्यांना ठाऊक नसते. सत्याग्रह एका दिवसाचा होता, पण कागदपत्रे घेऊन कोर्टाची पायरी चढणे दहा वर्षे चालले. आमच्या वाडीत आता आम्ही हे मुद्दाम सांगतो. कारण पाण्याची लढाई अजून संपलेली नाही, फक्त तिचे रूप बदलले आहे. तेव्हा तळ्यावर माणसे आडवी येत होती. आता डोंगर, पाइप आणि पैसा आडवा येतो.

आणि ही लढाई फक्त डोंगरातली नाही. माझी थोरली बहीण लग्न होऊन मुंबईला गेली. उपनगरात एका वस्तीत तिची झोपडी होती, तानसाच्या पाइपाला अगदी खेटून. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिने मला पाइपाला कान लावायला सांगितला. आत पाणी घुमत होते. ती म्हणाली, "बघ, तुझ्या गावचं पाणी रात्रभर माझ्या उशाशी वाहतं." पण तिच्या घरात नळ नव्हता! पिण्याचे पाणी ती डब्याच्या हिशेबाने विकत घ्यायची. पाइपावर पोरे खेळायची, त्यावर गोधड्या वाळायच्या, पण आतला थेंब तिचा नव्हता. आमच्या ठाकर आजीचे वाक्य मी तिला सांगितले. ती काही बोलली नाही, नुसती मान हलवली. पाइपाच्या या टोकाला आजी आणि त्या टोकाला माझी बहीण. दोघींचे दुःख एकच.

पुढे 2009 साली मोठ्या जलवाहिन्यांच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करावी असा उच्च न्यायालयाचा हुकूम झाला आणि हळूहळू पाइपालगतच्या वस्त्या हलल्या. बहिणीची झोपडीही गेली. तिला लांबच्या वसाहतीत, वरच्या मजल्यावर खोली मिळाली. कामाची घरे सुटली, पोरांची शाळा बदलली. पण घरात नळ आला. आता ती फोनवर सांगते, "पहिल्या दिवशी तोटी उघडली आणि मी नुसती बघत राहिले."

ज्यांच्या घरात अजून नळ नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर 15 डिसेंबर 2014 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, झोपडी अनधिकृत असली तरी तिथे राहणाऱ्या माणसाला प्यायचे पाणी नाकारता येत नाही. संविधानाच्या कलम 21 मध्ये जगण्याचा हक्क आहे, आणि पाण्याशिवाय जगणे नाही. त्यानंतर 2022 साली मुंबई महापालिकेनेही 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण आणले. तेव्हा आपल्या वस्तीत नळजोडणी नसेल तर अर्ज करावा, पोच घ्यावी, ती जपून ठेवावी. चवदार तळ्याचा निकाल असाच कागदाच्या बळावर मिळाला होता.

आमच्यासाठीही मार्ग नाही असे नाही. इगतपुरी तालुक्यात, घाटाच्या वर, भावली धरण आहे. ते आमच्याहून उंचावर असल्यामुळे तिथले पाणी उताराने शहापूरच्या गावापाड्यांत आणता येते, या विचाराने योजना आखली गेली आहे. जी युक्ती 1892 साली तानसाचे पाणी मुंबईला नेताना वापरली, तीच आता आमच्या उपयोगाला यावी, एवढेच मागणे आहे. पाणी उताराने जाते हा निसर्गाचा नियम. पण कुणाच्या दारात जायचे ते माणसे ठरवतात. म्हणून ग्रामसभेला बायकांनी जायला हवे. आमच्या वाडीतून आता दर सभेला दहा-पंधरा बायका जातात. सुरुवातीला मागे बसायच्या, आता पुढे बसतात आणि टाकी कधी, पाइप कधी, हे नाव घेऊन विचारतात. सगळ्या प्रश्नांना उत्तर मिळत नाही. पण विचारले गेले, याची नोंद वहीत होते.

मुंबईच्या माझ्या बंधू-भगिनींवर माझा राग नाही, हे स्पष्ट सांगते. चाळीत एक नळ आणि पन्नास घरे असताना तुम्ही जे पाणी भरता, ते चैनीसाठी भरत नाही. आमच्याच घरची माणसे तिथे राहतात. मागणे एवढेच आहे की, तुमच्या पोरांना एकदा आटगावला उतरवून तानसाची भिंत दाखवा. आपल्या नळातले पाणी कुठल्या रानातून येते, तिथली माणसे कशी राहतात, हे त्यांना कळू द्या. ज्या पोराने झिऱ्यावर वाटीने हंडा भरणारी बाई पाहिली, ते पोर गळकी तोटी बघून पुढे जाणार नाही. शहापूरच्या पाण्याचा प्रश्न निघेल तेव्हा "तो त्यांचा प्रश्न आहे" असेही ते म्हणणार नाही.

त्या मुलीला पुढे नर्स व्हायचे आहे. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्येच असते, म्हणजे पुन्हा आमच्या विहिरी आटायच्या वेळी. महिला मंडळाने पाळ्यांची यादी आत्ताच करून ठेवली आहे. या खेपेला बैठकीत कुणी काही विचारले नाही. आणि यादीत पहिले नाव त्या ऐंशी पार केलेल्या आजीने आपले घातले. हंडा उचलणे तिला जमणार नाही, ते तिची सून उचलेल. पण नाव तिचेच राहील, असे ती सगळ्यांना बजावून गेली आहे.